मातांच्या जीवघेण्या गुंतागुंती : लाखो नोंदींतून कारणांचा शोध

नवी दिल्ली : वर्षाला पाच हजार प्रसूती होणाऱ्या एखाद्या मोठ्या रुग्णालयातही गर्भजल मातेच्या रक्तप्रवाहात शिरण्याची जीवघेणी घटना सरासरी दहा वर्षांतून एकदाच घडते. त्या वेळी प्रसूतिगृहात हजर असलेल्या डॉक्टरने ती पूर्वी कधी पाहिलेली नसण्याचीच शक्यता अधिक असते; ज्याने पाहिली, त्याच्या गाठीशीही एखाद-दुसऱ्याच रुग्णाचा अनुभव असतो. हा विकार कोणाला होतो, का होतो आणि कोणत्या उपचारांनी माता वाचते, हे अशा तुटपुंज्या अनुभवावरून ठरवता येत नाही. त्यासाठी शेकडो रुग्णालयांतील लाखो प्रसूतींच्या नोंदी एकत्र आणाव्या लागतात.

गर्भारपण आणि प्रसूतीतील गंभीर गुंतागुंतींच्या अभ्यासात आरोग्यविषयक माहितीच्या अशा विशाल संचांचा वापर गेल्या काही दशकांत सातत्याने वाढला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार मातांचा मृत्यू झाला, म्हणजे दररोज ७०० हून अधिक. यातील बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे मानले जातात. ते कोठे आणि कसे टाळता आले असते, याचे उत्तर शोधण्याचे एक प्रमुख साधन म्हणून या नोंदींकडे पाहिले जाते.

मोठ्या संख्येची गरज का?

मातामृत्यूची मुख्य वैद्यकीय कारणे सर्वज्ञात आहेत : प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचे विकार, जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात आणि हृदयविकारासारखे आधीपासून असलेले आजार. यांपैकी प्रीएक्लॅम्प्सिया या विकारात गर्भारपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंड, यकृत किंवा मेंदूवर परिणाम होऊ लागतो. त्याची पुढची पायरी म्हणजे एक्लॅम्प्सिया. यात मातेला झटके येतात आणि वेळीच उपचार न झाल्यास आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

हे विकार माहीत असले तरी एखाद्या विशिष्ट स्त्रीला त्यांचा धोका किती आहे, हे आधी सांगणे कठीण असते. वय, वजन, आधीची बाळंतपणे, रक्तक्षय, जुळी गर्भधारणा, घरातील आजारांचा इतिहास आणि रुग्णालयापर्यंतचे अंतर असे अनेक घटक एकमेकांत गुंतलेले असतात. प्रत्येकाचा वेगळा परिणाम मोजायचा तर त्या प्रत्येक घटकाच्या पुरेशा रुग्ण हाताशी असाव्या लागतात. एक लाख प्रसूतींत दोनदा घडणाऱ्या घटनेच्या साठ रुग्णांचा अभ्यास करायचा, तर तीस लाख प्रसूतींवर लक्ष ठेवावे लागते.

ब्रिटनमध्ये नेमके हेच करण्यात आले. ऑक्सफर्ड विद्यापीठातील राष्ट्रीय प्रसूतिकालीन साथरोगशास्त्र केंद्राने २००५ मध्ये देशव्यापी प्रसूती निरीक्षण यंत्रणा सुरू केली. देशातील सर्व तज्ज्ञचालित प्रसूती विभागांना दर महिन्याला एकच प्रश्न विचारला जातो : या महिन्यात ठरावीक दुर्मीळ गुंतागुंतींपैकी एखादी आढळली का? ‘आढळली नाही’ हे उत्तर कळवणेही तितकेच आवश्यक असते, कारण मौन आणि शून्य यांत फरक आहे. फेब्रुवारी २००५ पासून चार वर्षांत या यंत्रणेने गर्भजल रक्तप्रवाहात शिरल्याच्या ६० रुग्णांची माहिती गोळा केली. त्यावरून या घटनेचे प्रमाण एक लाख प्रसूतींमागे दोन असल्याचे दिसून आले. कृत्रिमरीत्या कळा सुरू करणे आणि एकाहून अधिक गर्भ असणे यांच्याशी तिचा संबंध असल्याचेही स्पष्ट झाले. त्या साठांपैकी बारा माता दगावल्या.

नोंदवहीपासून राष्ट्रीय नोंदणीपर्यंत

प्रसूतीच्या नोंदींतून मृत्यूचे कारण शोधण्याची परंपरा जुनी आहे. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात दोन प्रसूती कक्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या. वैद्यकीय विद्यार्थी काम करत असलेल्या कक्षात सूतिकाज्वराने होणारे मृत्यू सुइणींच्या कक्षापेक्षा फार अधिक होते. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येणाऱ्या हातांवर त्यांचा संशय गेला. १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता. पुरावा होता तो नोंदवहीतील आकड्यांचा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी सुरू झाली. ही व्यवस्था बदलत्या स्वरूपात आजही चालू आहे. नॉर्वेने थॅलिडोमाइड या औषधामुळे विविध देशांत बालकांमध्ये उद्भवलेल्या जन्मजात व्यंगांच्या शोकांतिकेनंतर १९६७ मध्ये देशातील प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंदणी सुरू केली. तेथे प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक असल्याने आईच्या प्रसूतीची नोंद तिच्या पुढील गर्भारपणाशी, आजारपणाशी आणि अखेर मृत्यूच्या दाखल्याशीही जोडता येते.

या जोडणीचे महत्त्व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. १९६७ ते १९९२ या काळातील सव्वासहा लाखांहून अधिक जन्मांची माहिती त्यात तपासली गेली. ज्या मातांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला आणि मुदतीपूर्वी प्रसूती झाली, त्यांचा पुढील आयुष्यात हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका हा विकार नसलेल्या व पूर्ण दिवस भरलेल्या मातांच्या तुलनेत सुमारे आठपट आढळला. प्रसूतीबरोबर संपतो असे मानला जाणारा हा विकार पुढच्या आयुष्यातील आरोग्याचाही इशारा असू शकतो, हे लाखो नोंदींमुळे समोर आले. अशा स्त्रियांच्या रक्तदाबाकडे बाळंतपणानंतरही लक्ष ठेवावे, हा आजचा वैद्यकीय सल्ला याच प्रकारच्या अभ्यासांवर आधारलेला आहे.

आकड्यांकडून उपचारांकडे

नोंदींचा संच कितीही मोठा असला तरी तो बहुधा प्रश्न नेमका करून देतो. एखादा उपचार लागू पडतो का, हे सिद्ध करण्यासाठी बहुतेक वेळा नियंत्रित चाचण्या लागतात. एक्लॅम्प्सियाच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकमेकांना पूरक ठरली. ब्रिटनमध्ये १९९२ साली दहा हजार प्रसूतींमागे ४.९ मातांना झटके येत असल्याचे राष्ट्रीय पाहणीत दिसले होते. त्यानंतर ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने २००२ मध्ये दाखवून दिले की, मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. हे औषध सर्रास वापरात आल्यानंतर २००५-०६ मध्ये झालेल्या पाहणीत हे प्रमाण २.७ पर्यंत उतरल्याचे आढळले.

धोका आधीच ओळखण्याच्या प्रयत्नांतही असेच घडले. लंडनमधील संशोधकांनी हजारो गर्भवतींच्या तपासण्यांवरून एक गणिती पद्धत विकसित केली. मातेचा पूर्वेतिहास, रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांतील रक्तप्रवाह आणि रक्तातील प्रथिनांचे प्रमाण यांची ती सांगड घालते. या पद्धतीने अधिक धोका असलेल्या म्हणून निवडलेल्या १,७७६ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या गटात मुदतीपूर्व प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण १.६ टक्के, तर औषधाविना गोळी घेणाऱ्या गटात ४.३ टक्के होते. हे औषध मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यायचे असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने माहितीचा वापर थेट रुग्णालयांच्या सुधारणेसाठी केला. तेथे २००६ मध्ये स्थापन झालेल्या माता आरोग्य गुणवत्ता सहयोगाने जन्मदाखले आणि रुग्णालयांतून घरी सोडतानाच्या नोंदी एकमेकांशी जोडल्या. कोणत्या रुग्णालयात रक्तस्रावाच्या रुग्णांची अवस्था अधिक बिघडते, हे त्या त्या रुग्णालयालाच दिसू लागले. रक्तस्राव हाताळण्याची साधने, औषधे आणि कार्यपद्धती यांचा संच तयार करून तो रुग्णालयांना देण्यात आला. राज्यातील मातामृत्यू प्रमाण २००६ मधील एक लाख जिवंत जन्मांमागे १६.९ वरून २०१३ मध्ये ७.३ वर आले.

केरळचा धडा

भारतात या विचाराचे ठळक उदाहरण केरळचे आहे. तेथील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाने राज्य सरकारच्या सहकार्याने २००४ मध्ये मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. ब्रिटनच्या धर्तीवरील या पद्धतीत माता, डॉक्टर आणि रुग्णालय यांची ओळख पुसून कागदपत्रे तज्ज्ञांपुढे ठेवली जातात. दोष कोणाचा, यापेक्षा काय चुकले आणि पुढच्या वेळी काय करावे, एवढाच प्रश्न विचारला जातो. शिक्षेची भीती नसल्याने डॉक्टर मोकळेपणाने माहिती देतात, हा या पद्धतीचा गाभा आहे.

या आढाव्यात प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मृत्यूचे प्रमुख कारण असल्याचे दिसले आणि त्यावर उपचारांची मानके ठरवण्यात आली. नमुना नोंदणी पद्धतीनुसार केरळचे मातामृत्यू प्रमाण २०१०-१२ मध्ये ६६ होते; २०१८-२० मध्ये ते १९ पर्यंत खाली आले. साक्षरता, वाहतूक आणि आरोग्यसेवेचे जाळे यांचाही यात मोठा वाटा आहे. एकट्या आढाव्याला हे श्रेय देता येणार नाही. मृत्यूनंतर फाइल बंद न करता ती उघडण्याची शिस्त मात्र त्यातून रुजली.

देशातील चित्र

देशाचे मातामृत्यू प्रमाण २०१४-१६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १३० होते. ते २०१८-२० मध्ये ९७ आणि २०१९-२१ मध्ये ९३ झाले. शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार जगाचे प्रमाण २०३० पर्यंत ७० च्या खाली आणायचे आहे. २०१८-२० च्या आकडेवारीत महाराष्ट्राचे प्रमाण ३३, तर आसामचे १९५ होते. एकाच देशातील ही दरी पाहता सरासरी आकडा पुरेसा ठरत नाही.

हे आकडे ज्या नमुना नोंदणी पद्धतीतून येतात, तिच्या कक्षेत सुमारे ८० लाख लोकसंख्या असते. तरीही मातामृत्यूंची संख्या इतकी थोडी असते की, विश्वासार्ह अंदाजासाठी तीन वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. जिल्हापातळीवरचे चित्र त्यातून मिळत नाही. शिवाय ही पद्धत मृत्यू मोजते. अतिरक्तस्रावानंतर गर्भाशय काढावे लागलेली किंवा झटक्यांनंतर अतिदक्षता विभागातून बचावलेली स्त्री या मोजणीत येत नाही.

अशा स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतलेली माता’ या अर्थाची संकल्पना मांडली आहे. गर्भारपणात, प्रसूतीत किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत जीव जाता जाता वाचलेली स्त्री, अशी तिची व्याख्या आहे. मृत मातांपेक्षा अशा स्त्रियांची संख्या अनेक पटींनी अधिक असते आणि काय घडले हे त्या स्वतः सांगू शकतात. केंद्र सरकारने अशा घटनांच्या आढाव्याची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०१४ मध्ये जारी केली.

संशोधनाच्या पातळीवरही काही महत्त्वाचे प्रयत्न सुरू आहेत. आसाममधील वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रसूतींच्या नोंदींवर आधारित अभ्यासात तीव्र रक्तक्षय असलेल्या मातांना प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होण्याची शक्यता बरीच अधिक असल्याचे आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे दिसले होते, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे गांभीर्य वाढते.

जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने २०१५ पासून गुरुग्रामच्या जिल्हा रुग्णालयात ‘गर्भिणी’ हा अभ्यास सुरू झाला. फरिदाबाद येथील ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटच्या नेतृत्वाखालील या उपक्रमात हजारो गर्भवतींची गर्भारपणाच्या सुरुवातीपासून माहिती, सोनोग्राफीच्या प्रतिमा आणि जैविक नमुने जमा करण्यात आले. मुदतीपूर्व प्रसूतीची कारणे शोधणे हा त्याचा मुख्य हेतू आहे. या माहितीच्या आधारे मद्रास आयआयटीच्या सहकार्याने गर्भाचे वय ठरवणारी, भारतीय गर्भवतींसाठीची गणिती पद्धत तयार झाली. सध्या वापरात असलेली सूत्रे पाश्चात्त्य लोकसंख्येवर बेतलेली आहेत. गर्भाचे वयच चुकले, तर प्रसूती मुदतीपूर्वी झाली की नाही, हेही नीट ठरत नाही.

करोना साथीच्या काळात महाराष्ट्रात या कामाची तातडी दिसली. आयसीएमआरच्या मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या साहाय्याने बाधित गर्भवतींची नोंदणी उभारली. मुंबईतील नायर रुग्णालयातील १,५३० बाधित गर्भवती व बाळंतिणींच्या नोंदींवरून पहिल्या लाटेत लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्के, तर दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के असल्याचे दिसले. मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेले होते. हे निष्कर्ष जून २०२१ मध्ये समोर आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २ जुलै २०२१ रोजी गर्भवतींच्या लसीकरणास परवानगी दिली. हे आकडे एका विशेष रुग्णालयातील होते आणि तेथे गंभीर रुग्ण अधिक येतात. त्यामुळे ते सर्व गर्भवतींना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आकडे कोठे फसवतात?

माहितीचा संच मोठा असला की तो अचूकही असतो, हा समज धोक्याचा आहे. अमेरिकेत २००३ मध्ये मृत्यूच्या प्रमाणित दाखल्यावर मृत स्त्री गर्भवती होती का, हे नोंदवण्यासाठी एक चौकट जोडण्यात आली. राज्यांनी ती वेगवेगळ्या वर्षी स्वीकारली आणि मातामृत्यूंची नोंद वाढू लागली. तपासणीत असे दिसले की, अनेक दाखल्यांवर ही चौकट चुकून भरली गेली होती. त्यांत अतिवृद्ध स्त्रियाही होत्या. अनेक वर्षे तेथे अधिकृत राष्ट्रीय प्रमाण जाहीरच झाले नाही. २०२० च्या जानेवारीत सुधारित पद्धतीने २०१८ चे प्रमाण १७.४ असल्याचे जाहीर करण्यात आले. एका छोट्या चौकटीने देशाचे चित्र किती बदलते, याचे हे उदाहरण आहे.

दोन गोष्टींचा संबंध दिसला म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हेही संशोधकांना वारंवार लक्षात ठेवावे लागते. विविध देशांच्या नोंदींत धूम्रपान करणाऱ्या मातांमध्ये प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण कमी दिसते. मात्र धूम्रपानाने गर्भाची वाढ खुंटते आणि वार वेळेआधी सुटण्याचा धोका वाढतो. केवळ पहिल्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष घातक ठरला असता.

भारतात याखेरीज रोजच्या कामातील अडचणी आहेत. रक्तस्राव बहुतेक ठिकाणी नजरेच्या अंदाजाने नोंदवला जातो आणि तो प्रत्यक्षाहून कमी भरतो. खासगी रुग्णालयांची माहिती सरकारी व्यवस्थेत पूर्णपणे येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने प्रसूतिपूर्व तपासण्या सासरच्या गावी आणि प्रसूती दुसऱ्या तालुक्यात वा राज्यात होते. ऊसतोडणीसाठी वर्षातील काही महिने गाव सोडणाऱ्या किंवा वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या स्त्रियांची नोंद तर वाटेतच तुटते. नावाचे स्पेलिंग, आडनाव आणि पत्ता बदलला की संगणकासाठी ती दोन वेगळ्या स्त्रिया ठरते. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील ‘आभा’ क्रमांक हा दुवा जोडू शकतो. प्रसूतीच्या वेळी तो नोंदवला गेला, तरच त्याचा उपयोग होतो.

संमती आणि गोपनीयता

गर्भपात, एचआयव्ही किंवा पूर्वीचे गर्भारपण यांविषयीची माहिती उघड झाली, तर स्त्रीच्या संसारावर आणि सुरक्षिततेवर परिणाम होऊ शकतो. नाव काढून टाकणे नेहमी पुरेसे नसते. लहान गाव, दुर्मीळ आजार आणि बाळाची जन्मतारीख एवढ्यावरूनही ओळख पटते. त्यामुळे माहिती सुरक्षित ठिकाणी ठेवणे, संशोधकाला आवश्यक तेवढाच भाग दाखवणे आणि नैतिकता समितीची मंजुरी घेणे या अटी घातल्या जातात. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यांची चौकट देशात उपलब्ध आहे. कळा सुरू झालेल्या स्त्रीकडून घाईत घेतलेली सही ही खरी संमती मानायची का, हा प्रश्न मात्र प्रत्यक्ष व्यवहारात सोडवावा लागतो.

पुढील वाट

देशातील ८८.६ टक्के प्रसूती आता आरोग्यसंस्थांत होतात, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. म्हणजेच बहुतेक मातांची काही ना काही नोंद कोठेतरी होते. ती नोंद पूर्ण, एकमेकांशी जोडलेली आणि पुन्हा वापरता येण्याजोगी करणे हे पुढचे काम आहे. प्रीएक्लॅम्प्सियासाठी ‘ओ १४’, एक्लॅम्प्सियासाठी ‘ओ १५’ आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी ‘ओ ७२’ असे आंतरराष्ट्रीय संकेतांक अस्तित्वात आहेत. ते सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे वापरले गेले, तर गुवाहाटी, लखनौ आणि नागपूर येथील मातांची तुलना शक्य होईल.

हे काम अखेर प्रसूतिगृहातील परिचारिका आणि गावातील आशा स्वयंसेविका यांच्या हातून होते. एका पाळीत अनेक प्रसूती सांभाळून त्याच माहितीसाठी चार नोंदवह्या भराव्या लागल्या, तर नोंदीची गुणवत्ता घसरणारच. भरलेल्या माहितीचा निष्कर्ष त्यांच्यापर्यंत परत पोहोचला, आपल्या रुग्णालयात कोणत्या मातेला वाचवता आले असते हे त्यांना कळले, तर पुढची नोंद अधिक काळजीपूर्वक होते. कॅलिफोर्निया आणि केरळ या दोन्ही ठिकाणांचा अनुभव हेच सांगतो.